उशा मोजा : गरोदरपणात हृदयाचा त्रास ओळखायचा कसा आणि पुढचे महिने निभावायचे कसे

पाचव्या महिन्यात मला एक उशी पुरत होती. मग दोन लागायला लागल्या, आणि तिसरी कधी आली ते माझ्या लक्षातही आलं नाही. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं वाटायचं, उठून बसलं की सुटायचं. "पोट वर सरकतंय, दम लागणारच," असं जो तो म्हणायचा आणि मलाही ते पटायचं. सव्विसाव्या आठवड्याच्या तपासणीला वजन करणाऱ्या नर्सनं सहज विचारलं, "रात्री उशा किती लागतात?" मी म्हटलं, तीन. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. त्याच दिवशी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. माझ्या हृदयाची मायट्रल झडप, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधलं दार, नीट उघडत नव्हती. निरोगी झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडतं, माझं १.३ उघडत होतं.

त्याआधी "दम लागतो का?" हे मला निदान चार वेळा विचारून झालं होतं. पण या प्रश्नाला बहुतेक गरोदर बायका हो म्हणतात, त्यामुळे त्या 'हो'ला कोणी भाव देत नाही. दम किती, कधी आणि काय केल्यावर थांबतो, हे सांगितलं तरच समोरचा कान टवकारतो. मी डॉक्टर नाही. औषध सुरू-बंद करणं तुमच्या डॉक्टरांकडेच राहू दे. पण काय पाहायचं, काय विचारायचं आणि कुठे पाय घसरतो, एवढं मी सांगू शकते.

१. आधी भार कुठून येतो ते समजून घ्या

गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदयाला दर मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलावं लागतं आणि नाडी १० ते २० ठोक्यांनी वाढते. ही चढण पहिल्या तीन महिन्यांतच सुरू होते आणि साधारण २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास शिगेला पोचते. निरोगी हृदय ती निभावून नेतं. आधीच अधू असलेलं हृदय मात्र इथेच उघडं पडतं. म्हणूनच लग्नाआधी धावणारी-पोहणारी बाई सहाव्या महिन्यात एकदम जिन्यात बसते.

माझ्या झडपेचं गणित डॉक्टरांनी कागदावर दाराचं चित्र काढून समजावलं. दार अरुंद आणि माणसं वाढली, तर गर्दी दाराच्या अलीकडे तुंबते. इथे अलीकडे म्हणजे फुप्फुसात. शिवाय नाडी वेगात चालली की दार उघडं राहण्याचा वेळ आणखी कमी. मला दिलेली पहिली गोळी नाडी संथ करणारी का होती, ते त्या चित्रामुळे कळलं.

झडपेचा दोष हे एक कारण झालं. लहानपणी घसा धरून ताप आला, सांधे सुजले आणि मग सगळे विसरून गेले, अशा ऱ्हुमॅटिक तापानं झडप वर्षानुवर्षं गुपचूप आक्रसत जाते. दुसरं कारण जन्मजात दोषाचं, म्हणजे हृदयाला भोक असणं किंवा लहानपणी शस्त्रक्रिया झालेली असणं. तिसऱ्यात आधी काहीही नसतं. गरोदरपणाच्या अगदी शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या ५ महिन्यांत हृदयाचे स्नायूच कमजोर होतात, त्याला पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी म्हणतात. शिवाय वाढलेला रक्तदाब, अनियमित ठोके, क्वचित महारोहिणीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) किंवा हृदयाच्या रक्तवाहिनीचा पदर फाटणं. सांगायचा मुद्दा हा, की "मला कधी हृदयाचा त्रास नव्हता" या वाक्यावर विसंबू नका.

२. नेहमीचं काय आणि धोक्याचं काय

चढ चढताना थोडा दम, संध्याकाळी घोट्यांवर सूज, दुपारी गळून जाणं, मधूनच छातीत धडधड हे निरोगी गरोदरपणातही होतं. थांबलं, बसलं, पाय वर घेतले की ओसरतं आणि आठवड्या-आठवड्याला फारसं बदलत नाही.

खालची लक्षणं मात्र पुढच्या तारखेसाठी राखून ठेवू नका, एक-दोन दिवसांत दाखवा :

- सपाट झोपता येत नाही, उशा वाढत चालल्यात
- रात्री झोपेतून गुदमरून जाग येते, खिडकीशी जाऊन बसावं लागतं
- मागच्या आठवड्यात जमलेला जिना या आठवड्यात जमत नाही
- रात्री आडवं झाल्यावर कोरडा खोकला येतो आणि सर्दीचं औषध घेऊनही जात नाही
- सूज घोट्यांवरून पोटऱ्या-मांड्यांपर्यंत चढली, किंवा २-३ दिवसांत वजन २ किलोनं वाढलं
- धडधड सुरू झाली की बराच वेळ थांबत नाही, ठोके वेडेवाकडे पडतात

आणि यांतलं काहीही झालं तर त्याच घडीला इमर्जन्सी विभागात जा : बसल्या जागी धाप, छातीत दुखणं किंवा दाटणं, पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध फाटल्यासारखी कळ, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, थुंकीत रक्त किंवा गुलाबी फेस, ओठ निळसर होणं, अर्धं अंग लुळं पडणं, विश्रांती घेत असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर, ऑक्सिजन ९४ किंवा त्याखाली.

सापळा : खोकला. माझा रात्रीचा खोकला तीन आठवडे सर्दीच्या खात्यावर जमा होत होता. एका दवाखान्यात वाफ घ्यायला सांगून परत पाठवलं. मी "खोकला आहे" इतकंच म्हणाले होते. "आडवं झाल्यावर येतो, बसल्यावर थांबतो" हे म्हणालेच नव्हते. सगळा रोग त्या न बोललेल्या अर्ध्या वाक्यात होता.

३. वही घाला

मोबाइलमध्ये नाही, कागदाची साधी वही. डॉक्टरांपुढे ठेवता येते, आणि तुम्हाला बोलवत नसेल तेव्हा नवरा ती वाचून दाखवू शकतो. रोज सकाळी पाच नोंदी :

वजन, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. नाडी, पाच मिनिटं शांत बसून मग पूर्ण एक मिनिट मोजलेली. १५ सेकंद मोजून चारनं गुणू नका, ठोके अनियमित असतील तर गणित चुकतं. रक्तदाब, घरी यंत्र असेल तर. बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजन, नखांचा रंग काढून आणि हात गार असतील तर चोळून. आणि रात्रीच्या उशा.

या पाचांत सहावी माझ्या पदरची : एक ठरावीक जिना. आमच्या घराच्या अठरा पायऱ्या मी रोज त्याच वेळी चढायचे, पण कितव्या पायरीवर थांबावं लागलं ते तेव्हा लिहीत नव्हते. २२ व्या आठवड्याला थांबले नव्हते, २४ व्याला चौदावी, २६ व्याला नववी. हे आकडे मी नंतर जुळवले. तेव्हाच वहीत असते तर मी नर्सच्या प्रश्नाची वाट पाहिली नसती. निदान झाल्यावर मात्र हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करा. मला त्यांनी आधी काही दिवस जिना बंदच केला होता.

४. पहिल्या भेटीला काय न्यायचं, काय सांगायचं

"पूर्वीचे आजार?" या रकान्यात मी "नाही" लिहिलं होतं. लहानपणी दोन महिने शाळा बुडाली होती, गुडघे सुजले होते, कुठलंसं इंजेक्शन दर महिन्याला मिळायचं, हे आईनं नंतर सांगितलं. तेव्हा भरण्याआधी आई-वडिलांना, मावशीला, थोरल्या बहिणीला फोन करा. विचारायचं ते नेमकं : लहानपणी हृदयात 'आवाज' आहे असं कोणी म्हणालं होतं का? सांधे सुजून ताप? निळं पडणं? घराण्यात कोणी कमी वयात अचानक गेलं का? आधीच्या गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का?

फाइलमध्ये हे असू द्या :

- जुने इको, ईसीजी, शस्त्रक्रियेचा कागद. नुसता निष्कर्ष नको, पूर्ण रिपोर्ट
- कृत्रिम झडप असेल तर तिचं कार्ड : प्रकार, माप, बसवल्याचं वर्ष
- पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड
- चालू गोळ्यांची यादी, मिलिग्रॅमसकट. यादी नसेल तर गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घाला
- रक्तगट, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, लघवीचे रिपोर्ट
- आतापर्यंतच्या सोनोग्राफ्या
- तुमची वही

फाइलचे दोन संच करा. एक घरी, एक कायम हाताशी असलेल्या पिशवीत. रात्री दोन वाजता कपाट उचकत बसण्यासारखी वेळ दुसरी नाही.

५. तपासण्यांना घाबरू नका

ईसीजी फक्त नोंद घेतो, अंगात काही सोडत नाही. इको म्हणजे ध्वनिलहरी, बाळाची सोनोग्राफी होते तशाच. दोन्ही कोणत्याही महिन्यात निर्धास्त करता येतात. रक्तातली बीएनपी ही तपासणी हृदयावर ताण आहे का ते सांगते. छातीच्या एक्स-रेला नाही म्हणायची अनेकींना घाई होते. त्यात बाळापर्यंत पोचणारे किरण अगदी नगण्य असतात, आणि डॉक्टरांना फुप्फुसात पाणी आहे का ते पाहायचं असेल तर तो टाळण्यात धोका जास्त. तंत्रज्ञाला आपण गरोदर आहोत एवढं आवर्जून सांगा.

इकोच्या रिपोर्टवर तीन गोष्टी शोधा आणि वहीत उतरवा : इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते (५५ ते ७० च्या घरात असेल तर चांगलं), कोणती झडप किती अरुंद किंवा किती गळकी, आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब. पुढच्या इकोशी हेच आकडे ताडून पाहायचे असतात.

आईला जन्मजात दोष असेल तर बाळाच्या हृदयाचा वेगळा इको १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान करतात. ती तारीख आधीच ठरवून ठेवा.

६. "माझा वर्ग कोणता?" हे विचारा

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हृदयविकार असलेल्या गरोदर बाईचा धोका १ ते ४ अशा वर्गांत मांडतात (मध्ये २-३ असाही एक आहे). वर्ग १ मध्ये धोका जवळजवळ इतरांइतकाच. वर्ग ४ मध्ये गरोदर राहूच नये असा सल्ला असतो : फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत खूप वाढलेला दाब, इजेक्शन फ्रॅक्शन ३० च्या खाली, मायट्रल झडप अतिशय अरुंद, महारोहिणी धोकादायक फुगलेली. दिवस राहिलेच असतील तर पुढे न्यायचं की थांबवायचं, हा प्रश्न डॉक्टर उघडपणे मांडतील. तो ऐकायला जड जातो, पण उत्तर जितकं लवकर ठरेल तितके पर्याय हातात राहतात.

वर्ग कळला की पुढचं आपोआप ठरतं : किती दिवसांनी दाखवायचं, कोणत्या रुग्णालयात नाव घालायचं. वर्ग ३ आणि ४ साठी स्त्रीरोगतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग एकाच इमारतीत हवेत. घराजवळचं ओळखीचं प्रसूतिगृह कितीही प्रेमाचं असलं तरी इथे मोह टाळा. मी टाळला तेव्हा घरच्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं.

७. औषधं : स्वतःच्या मनानं बंद करू नका, जुनी तशीच चालूही ठेवू नका

दिवस गेल्याचं कळताच "गोळ्या बाळाला बाधतील" म्हणून सगळं बंद करणाऱ्या बायका मी हृदयरोग विभागाच्या बाकावर पाहिल्या आहेत. उलट टोकाच्याही पाहिल्या. दोन्ही धोक्याचं. हातात यादी घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.

रक्तदाब आणि हृदयासाठीच्या ज्या गोळ्यांची नावं 'प्रिल' किंवा 'सार्टन'नं संपतात (एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन) त्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते. त्यांच्या जागी दुसऱ्या देतात. नाडी संथ करणाऱ्यांत मेटोप्रोलॉल बऱ्याचदा देतात, अटेनोलॉल टाळतात, आणि बाळाच्या वाढीवर सोनोग्राफीनं लक्ष ठेवतात. फुप्फुसात पाणी साठत असेल तर लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड देतात, पण मोजून, कारण रक्त फार आटलं तर वारेकडे जाणारा प्रवाह घटतो. ऱ्हुमॅटिक तापासाठी दर ३-४ आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल तर ते गरोदरपणातही चालू ठेवतात.

सगळ्यात अवघड रक्त पातळ करणारं औषध. धातूची कृत्रिम झडप असलेल्यांना वॉरफेरिन लागतंच, पण ६ ते १२ आठवड्यांच्या काळात त्यानं बाळाच्या घडणीत दोष येऊ शकतो. त्याऐवजी देतात ते हेपारिन वारेपलीकडे जात नाही, बाळाला सुरक्षित, पण झडपेवर गुठळी होण्याचा धोका त्यात जास्त, आणि त्याचं प्रमाण रक्त तपासून सारखं जुळवावं लागतं. कधी कोणतं घ्यायचं हे तुमच्या डोसवरही ठरतं. इथे एक दिवससुद्धा मध्ये कोरडा जाता कामा नये, म्हणून बदल फक्त तज्ज्ञांच्या हातून.

औषधांनी भागत नसेल तर अरुंद मायट्रल झडप फुग्यानं रुंद करता येते. मांडीच्या शिरेतून नळी घालून, पोटाला किरणांपासून झाकून, शक्यतो २० आठवड्यांनंतर. जपानचे कांजी इनोऊए यांनी ही पद्धत १९८२ मध्ये पहिल्यांदा वापरली. माझ्यावर ती वेळ आली नाही. बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या एकीवर आली, आणि दुसऱ्या दिवशी ती एका उशीवर झोपली.

८. रोजचं

डाव्या कुशीवर झोपा. उताणं झोपलं की जड गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. मीठ आणि पाणी किती, ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या चुकवू नका, कारण हिमोग्लोबिन उतरलं की हृदयाला तेच काम जास्त फेऱ्यांत करावं लागतं. ताप, दातांचा पू, लघवीची जळजळ अंगावर काढू नका. दात दाखवायला गेलात तर झडपेचं आधी सांगा, तिथून जंतू रक्तात शिरून झडपेवर बसू शकतात.

पूर्ण अंथरूण धरायला डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर धरू नका, पायात गुठळी होण्याची भीती असते.

९. बाळंतपणाचा बेत कागदावर आणा

"हृदय कमजोर, म्हणजे सिझेरियनच" असं मलाही वाटायचं. बहुतेकींसाठी नैसर्गिक बाळंतपणच बरं, त्यात रक्त कमी जातं, जंतुसंसर्ग आणि गुठळ्या कमी. सिझेरियन ठरावीक कारणांसाठी : महारोहिणी फुगलेली असणं, वॉरफेरिन चालू असतानाच कळा सुरू होणं, हृदय अगदी कोलमडलेलं असणं, किंवा बाळाची नेहमीची कारणं.

३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास सगळ्या डॉक्टरांची सही असलेला एक कागद मागा. त्यावर हे असावं : बाळंतपण कुठे, कोणत्या आठवड्याला, रक्त पातळ करणारं औषध कधी थांबवायचं, कळांमध्ये पाठीतलं इंजेक्शन द्यायचं का (वेदना कमी झाल्या की नाडीही उतरते), शेवटच्या टप्प्यात जोर न लावू देता व्हॅक्यूम किंवा चिमटा लावायचा का, सलाइन किती, आणि रक्तस्राव थांबवायला कोणतं औषध नको. मेथर्जिनवर माझ्या कागदावर लाल रेघ होती, त्यानं रक्तदाब एकदम चढतो. त्या रात्री ड्यूटीवर आलेल्या डॉक्टरांनी मला आधी कधी पाहिलं नव्हतं. कागद उशाशी चिकटवलेला होता, तोच त्यांनी दोनदा वाचला.

१०. बाळ झालं म्हणजे सुटलो, असं नाही

वार पडल्यावर गर्भाशय आकसतं, तिथलं रक्त एकदम आईच्या अंगात परत येतं. शिरेवरचा दाबही सुटतो. नऊ महिन्यांतला एकाएकी पडणारा मोठा भार तो हाच. पुढचे २ ते ३ दिवस अंगात साठलेलं पाणी रक्तात परतत राहतं. मला धाप लागली ती दुसऱ्या रात्री, सगळे अभिनंदन करून घरी गेल्यावर. मॉनिटर लावलेला होता म्हणून दहा मिनिटांत इंजेक्शन मिळालं. निदान ४८ ते ७२ तास निरीक्षणाखाली राहा, घरी लवकर सोडा म्हणून हट्ट धरू नका.

घरी आल्यावर वही पुन्हा सुरू. बाळंतिणीचा थकवा आणि हृदयाचा थकवा बाहेरून सारखाच दिसतो, झोपही नसतेच. उशा मात्र खोटं बोलत नाहीत. पाच महिने उलटेपर्यंत नवी धाप, नवी सूज दिसली तर "दूध पाजतेय म्हणून" असं कोणाकडूनही ऐकून घेऊ नका, इको करून घ्या. दूध पाजताना मेटोप्रोलॉल, वॉरफेरिन, एनालाप्रिल सहसा चालतात, तरी यादी बाळाच्या डॉक्टरांना दाखवा.

सहाव्या आठवड्याच्या भेटीला दोन विषय स्वतःहून काढा, कारण गर्दीत ते राहून जातात. एक, पाळणा लांबवायचं साधन. गुठळीचा धोका असलेल्यांना इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालत नाहीत. फक्त प्रोजेस्टेरॉनचं साधन, तांबी किंवा हार्मोनची तांबी, यातलं तुमच्या हृदयाला कोणतं चालेल ते विचारा. दूध चालू आहे म्हणून दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नका. दुसरा, झडप दुरुस्त करायची तर ती पुढचे दिवस राहण्याआधी, आणि त्यासाठी पुढचा इको कधी. तारीख तिथेच लिहून घ्या.